ऑटिझम असलेल्या मुलांचं लक्ष आणि मिसळणं वाढवणारे घरगुती खेळ

मीरा-भाईंदर : नावानं हाक मारली तरी मूल वळत नाही. दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून काही मागत नाही. गाडीचं चाकच फिरवत बसतं. उत्तन, राई-मुर्धा असो की शहापूर-मुरबाडचा पाडा, घरचे एकच सांगतात, "बाप पण उशिराच बोलला होता." या वाट बघण्यात मोलाची वर्षं जातात.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. मेंदूची वाढ वेगळ्या तऱ्हेनं झालेली असते. आईच्या दुर्लक्षामुळं ऑटिझम होत नाही. तो बरा करणारं औषध नाही, पण मूल खेळातून शिकतं.

नक्कल : मूल डबा वाजवत असेल तर समोर बसून आपणही वाजवा. आपलंच कुणीतरी करतंय म्हटल्यावर ते बघायला लागतं.

साबणाचे फुगे : एकदा फुगे सोडा आणि थांबा. मुलानं नजरेनं, हातानं किंवा आवाजानं मागितलं की लगेच पुन्हा सोडा.

चेंडू : "आता तुझी पाळी, आता माझी." आधी आईबरोबर, मग भावंडाबरोबर, नंतर शेजारचं एकच मूल. एकदम दहा पोरांत सोडू नका.

घरकाम : वालाच्या शेंगा सोलताना एक शेंग तुम्ही टोपलीत टाका, एक त्याला टाकू द्या. हाही पाळीचाच खेळ. मोकळे दाणे मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नका, घशात अडकतात.

दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं पुरे. टीव्ही, मोबाइल बंद ठेवा. डोळ्यांत बघ म्हणून हनुवटी धरू नका. कान झाकले, रडलं तर थांबा.

शंका आली की आधी कानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांना स्वतःहून सांगा. मुंबईत 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून अशा मुलांसाठी काम करते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्यामुळं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा आहे.

कागदपत्रांना वेळ लागेल. खेळ मात्र आज संध्याकाळीच सुरू करता येतो.