‘गो’चें ‘वेन्ट’ कसें झालें ?

इंग्रजी शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास ‘गो, वेन्ट, गॉन’ ही त्रयी घोकावी लागते. पहिल्या व तिसऱ्या रूपांतील नातें उघड दिसतें; परंतु मधलें ‘वेन्ट’ कोठून उपटलें, असें त्यानें विचारल्यास ‘तो अपवाद आहे’ एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. पण अपवाद म्हणणें म्हणजे कारण सांगणें नव्हे.

प्राचीन इंग्रजींत जाणें या अर्थाचें क्रियापद ‘गान्’ असें होतें. त्याचा भूतकाळ मात्र तेव्हांही त्या धातूपासून होत नसे. ‘एओदे’ हें भिन्न मूळाचें रूप त्यासाठीं योजीत. म्हणजे भूतकाळ उसना घेण्याची या क्रियापदाची खोड जुनीच आहे. त्याच काळीं ‘वेन्डन्’ म्हणजे वळणें हें दुसरें क्रियापद भाषेंत स्वतंत्रपणें नांदत होतें. दिशेस वळणें यावरून त्या दिशेस जाणें असा त्याचा अर्थ पसरत गेला. कवि चॉसर (मृत्यु १४००) याचे यात्रेकरू कँटरबरीस जातात ते याच क्रियापदानें, आणि तेंही वर्तमानकाळीं. ‘सेंड’चें ‘सेन्ट’ तसेंच ‘वेंड’चें ‘वेन्ट’. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘एओदे’पासून आलेलें ‘येदे’ मागें पडलें व त्याच्या जागीं ‘वेन्ट’ येऊन बसलें. बिचाऱ्या ‘वेंड’ला मग ‘वेंडेड’ असा नवा भूतकाळ करून घ्यावा लागला ! स्कॉटलंडांत मात्र धातूपासूनच ‘गेड’ हें रूप घडलें. रॉबर्ट बर्न्स (१७५९–१७९६) याच्या गीतांत तें आढळतें.

या प्रकारास हंसण्यापूर्वीं आपण आपल्या घरांत पाहावें. ‘तो जातो’ व ‘तो गेला’ यांत तरी एक धातु कोठें आहे ? ‘जाणें’ हें संस्कृत ‘या’ धातूचें अपत्य, तर ‘गेला’ हें ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून आलेलें. संस्कृतांत दोन्ही धातूंचे संसार वेगळे व पूर्ण होते; मराठीनें एकाचा वर्तमान व दुसऱ्याचा भूत घेऊन नवें घर मांडलें. फ्रेंच भाषेंत तर या एका अर्थासाठीं लॅटिनचीं ‘वादेरे’ व ‘इरे’ हीं दोन क्रियापदें ‘आले’ या तिसऱ्याशीं एकत्र आलीं आहेत.

असें नेमकें जाण्याच्याच क्रियापदांत कां व्हावें ? जो शब्द क्वचित् वापरला जातो, त्याचें जुनें रूप लोक विसरतात व नियमानें नवें बनवितात. ‘क्लाइम’चें जुनें ‘क्लोम’ असेंच लोपलें. इंग्रज मूलही प्रथम ‘गोड्’ म्हणून पाहतें. परंतु ‘वेन्ट’ त्याच्या कानीं दिवसांतून इतक्या वेळां पडतें कीं नियमाचा तेथें टिकाव लागत नाहीं. अपवाद टिकतो तो दुर्लक्षानें नव्हे, अतिपरिचयानें.

म्हणून भाषेंतील अपवाद हे सर्वच व्याकरणाचे दोष समजूं नयेत. पुष्कळदां ते तिचे सर्वांत जुने रहिवासी असतात. त्यांस नियमाच्या नांवाखालीं हांकलूं पाहणारानें प्रथम ‘गेला’ हा शब्द टाकून एक दिवस बोलून पाहावें.