जेकबची रायफल : आट्यांचा फेरा व गोळीची लांबी

तोंडानें भरावयाच्या जुन्या रायफलीचें वर्णन करितांना आमचे संग्राहक नळीची लांबी व व्यास तेवढा टिपितात; आट्यांचा फेरा कोणी मोजीत नाहीं. त्यामुळें लांब गोळीची रायफल वाटोळ्या गोळीची म्हणून नोंदली जाते.

मुंबई इलाख्याच्या सैन्यांतील जॉन जेकब यानें सिंधमध्यें जेकबाबादेस प्रयोग करून सिद्ध केलेली दुनळी रायफल घ्या. नळी २४ इंच, व्यास सुमारें ०.५२४ इंच, आटे चार, एक पूर्ण फेरा ३० इंचांत. वूलिचच्या ग्रीनहिलनें १८७९ सालीं शिशाच्या गोळीसाठीं नियम दिला : फेरा व गोळी या दोहोंची लांबी व्यासांनीं मोजावी, त्यांचा गुणाकार १५० यावा. येथें फेरा सुमारें ५७ व्यास, म्हणून गोळी २.६ व्यास, म्हणजे १.३७ इंचापर्यंत लांब चालेल. याच नळींत वाटोळ्या गोळीस ७९ इंचांचा मंद फेराहि पुरता. जेकब १८५८ च्या डिसेंबरांतच वारला. त्यानें हें माप गणितानें नव्हे, चांदमारीनें गांठलें! व्हिटवर्थच्या ०.४५१ इंच व्यासाच्या अरुंद नळींत फेरा २० इंचांचा. तिची गोळी याहून लांबट.

तथापि केवळ फेऱ्यावरून निकाल देऊं नये. ब्रन्सविक रायफलीचा फेराहि ३० इंचांचाच, पण तिची गोळी वाटोळी, कमरेस पट्टा असलेली. तेथें आटे दोनच. म्हणून आटेहि मोजावेत.

माप घेण्यास गजाला घट्ट चिंधी बांधून तो सैल हातानें आंत सारावा. पाव फेरा जितक्या इंचांत होईल त्यांची चौपट करावी. तत्पूर्वीं नळींत जुना बार राहिला नाहीं ना, हें अवश्य पाहावें.