खेजडलीचें बलिदान

मारवाडांत ज्या वृक्षाला खेजडी म्हणतात, तोच महाराष्ट्रांतील शमी. पाऊस दगा देतो त्या वर्षींही त्याच्या शेंगा माणसांना व पाला गुरांना जगवितो. असा वृक्ष तोडणें म्हणजे दुष्काळांतील आधारच तोडणें होय. जांभोजींनीं इ. स. १४८५ मध्यें स्थापिलेल्या पंथास एकोणतीस नियम घालून दिले. वीस आणि नऊ या संख्यांवरूनच ‘बिश्नोई’ हें नांव पडलें, असें मानतात. हिरवें झाड तोडूं नये, जीवमात्रावर दया करावी, हे त्यांतीलच नियम. मृतांना दहन न करतां पुरण्याची या पंथाची चालही लांकूड वांचविणारीच आहे.

या नियमांची खरी कसोटी इ. स. १७३० मध्यें लागली. जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या महालासाठीं चुना भाजावयास सरपण हवें होतें. तें आणावयास राजसेवक खेजडली गांवीं आले. तेव्हां अमृतादेवी झाडाला कवटाळून उभी राहिली आणि कुऱ्हाडीखालीं पडली. मागोमाग आसू, रत्नी व भागू या तिच्या मुलींनींही तोच मार्ग धरिला. भोंवतालच्या गांवांतून माणसें येत गेलीं आणि पडत गेलीं. परंपरा सांगते कीं, ३६३ जणांचे प्राण गेल्यावर महाराजांनीं वृक्षतोड थांबविली.

राजस्थानानें १९८३ सालीं खेजडीला राज्यवृक्षाचा मान दिला. परंतु तिचें खरें रक्षण त्यापूर्वींच झालें होतें. अडीचशें वर्षांपूर्वींचा गुरुपदेश त्या मुलींनीं केवळ वडिलांचा वारसा न मानतां स्वतःचें व्रत मानिला, म्हणूनच तो जिवंत राहिला.