मुक्या मनाची वाचा

शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी मुंबईकर १८९२ पासून पीत आले आहेत. त्याच डोंगराळ मुलखांतील कुडाच्या घरांत आणखी एक झरा फार पूर्वीपासून वाहत आला आहे. शहराचें लक्ष मात्र त्याकडे उशिरा गेलें. तो झरा म्हणजे वारली लोकांची चित्रकला.

शहापूर-मुरबाडपासून डहाणू-तलासरीपर्यंतच्या पाड्यांवर वारल्यांची वस्ती आहे. घरीं लग्न निघालें कीं सवाशिणी कुडाची भिंत सारवून गेरूनें रंगवितात, तांदळाचें पीठ पाण्यांत कालवितात, आणि ठेचलेल्या काडीनें लग्नाचा चौक लिहितात. मध्यें पालघट देवी. भोंवतीं झाडें, पशुपक्षी, नाचणारीं माणसें. गृहिणी निराळी व कलावंत निराळा, असा भेद येथें नव्हता. साहित्य स्वयंपाकघरांतलें, आणि विक्रीचा विचार कोणाच्या मनांतहि नाहीं.

१९७० नंतर चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागांत फिरले आणि ही कला भिंतीवरून कागदावर आली. त्या वेळीं गंजाड गांवचे जिव्या सोमा म्हसे पुढें आले. त्यांचा जन्म १९३४ चा. गंजाड तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें, २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. बालपणींच आई गेली आणि या मुलाची वाचा बसली. तो धुळींत चित्रें काढूनच मनांतलें सांगूं लागला, अशी त्यांची हकीकत सांगतात. बायकांच्या हातचें हें लग्नकार्यापुरतें काम त्यांनीं नित्याचें केलें. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री त्यांस मिळाली. २०१८ साली ते निवर्तले.

ही हकीकत मीं उशिरा वाचली, आणि मला माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवला. नोकरीच्या आरंभीं मुरबाडकडील एका शाळेंत मी होतों. बाप गेल्यावर तो बोलेनासा झाला. गणितें सोडून तो पाटीभर बैलच बैल काढी. मीं पाटी पुसावयास लावली आणि वर दोन छड्या मारल्या. कांहीं दिवसांनीं तो शाळेंत येईनासा झाला. त्या दिवशीं मीं पाटीवरून काय पुसलें, तें समजावयास मला पुष्कळ वर्षें लागलीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागानें २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि कलेचा शरीरास व मनास उपयोग होतो, असा निष्कर्ष काढला. अर्थात् कला ही वैद्याची जागा घेत नाहीं. दुःख दीर्घकाळ हटत नसेल तर डॉक्टरांकडे गेलेंच पाहिजे. परंतु दाराशीं रांगोळी, उशीच्या अभ्र्यावर चार टांके, वहीच्या कोपऱ्यांत एखादें झाड, एवढें तर कोणासहि जमेल. तें सुंदर झालें पाहिजे असें नाहीं, आणि कोणास दाखविलेंच पाहिजे असेंहि नाहीं.

आणि आपल्या घरांतील एखादें मूल न बोलतां कागदावर रेघा ओढीत बसलें असेल, तर तें वेळ दवडीत आहे असें एकदम समजूं नका. कदाचित् तें आपल्याशींच बोलत असेल. कागद हिरावून घेण्यापूर्वीं घटकाभर त्याच्याजवळ बसा.