विजेच्या कामातील ललिताबाई

दरवर्षी स्मरणिकेसाठी मी लोणच्या-पापडांचे काहीतरी लिहून देते. यंदा मात्र एका इंजिनियर बाईंची हकीकत लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

निमित्त असे झाले की, माझी धाकटी नणंद लहान मुलीला घेऊन माहेरी परत आली आणि तिने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स धरला. "शिवण का नाही शिकत? बाईमाणसाने तारांना हात लावावा का?" असे आपल्याच आळीतल्या चौघीजणींनी मला विचारले. मला काही उत्तर सुचले नाही. मग नणंदेनेच मला ललिताबाईंची माहिती वाचायला दिली.

अय्यलसोमयाजुला ललिता यांचा जन्म १९१९ साली मद्रासला एका तेलुगू कुटुंबात झाला. पंधराव्या वर्षी लग्न झाले. १९३७ साली मुलगी झाली आणि ती चार महिन्यांची असतानाच यजमान वारले. ललिताबाईंचे वय तेव्हा अवघे अठरा! त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येई, हे आपण आपल्या आज्यांच्या तोंडून ऐकलेच आहे. पण त्यांचे वडील गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात विजेचे प्रोफेसर होते. त्यांनी खटपट केली, प्राचार्य चाको यांनी होकार दिला, आणि इतक्या मुलग्यांत ही एकटी मुलगी शिकू लागली. वसतिगृहातही एकटीच. तिला सोबत व्हावी म्हणून कॉलेजाने आणखी मुली घेतल्या. त्यांतल्या पी. के. थ्रेसिया पुढे १९७१ साली केरळच्या बांधकाम खात्याच्या मुख्य इंजिनियर झाल्या.

पदवीच्या छापील कागदावर इंग्रजीत 'तो' असेच होते. ते खोडून 'ती' असे लिहावे लागले. मला हे वाचून हसू आले आणि वाईटही वाटले.

जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून ललिताबाई सिमल्यास सरकारी नोकरीत गेल्या, व पुढे कलकत्त्यास एका इंग्रजी विजेच्या कंपनीत बरीच वर्षे राहिल्या. धरणावर तयार झालेली वीज लांब न्यायची तर तिचा दाब आधी वाढवावा लागतो, म्हणजे वाटेत ती कमी वाया जाते. मग गावाजवळच्या उपकेंद्रात तो दाब उतरवतात. या वाहिन्या नि उपकेंद्रे यांचे आराखडे करणे हे ललिताबाईंचे काम. भाक्रा-नांगलच्या कामातही त्यांचा हात होता. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री-इंजिनियरांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेथेही त्या गेल्या. १९७९ साली त्या वारल्या. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही.

सिमला काय, कलकत्ता काय, दोन्हीकडे त्या मुलीला घेऊन भावाच्या आधाराने राहिल्या. भावाचा आधार म्हणजे भावजयीचा, हे बायकांना सांगायला नको. तिचे नाव मात्र मला कुठे वाचायला मिळाले नाही.

नणंदेची मुलगी दिवसभर माझ्यापाशीच असते. पुढल्या महिन्यात नणंदेची परीक्षा आहे. परवा मंडळाच्या खोलीतला बंद पंखा तिनेच उघडून दुरुस्त केला. त्या चौघींपैकी दोघी त्याच्याखालीच बसल्या होत्या.