क्रॉफर्ड प्रकरण : निकाल आणि साक्षीदार

टिळकांचे जन्मगाव म्हणून रत्नागिरी सर्वांना ठाऊक आहे. आर्थर क्रॉफर्ड हा आय.सी.एस. अधिकारी येथे कलेक्टर होता, हे फारसे कोणी सांगत नाही. पुढे मध्य विभागाचा कमिशनर असताना त्याच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. १८८८ साली, १८५० च्या ३७ व्या कायद्यान्वये, तिघांचे खास चौकशी कमिशन पुण्यात बसले. सरकारने अभय दिल्यावर अनेक मामलेदारांनी कबूल केले, की बढती-बदलीसाठी आपण पैसे मोजले.

कमिशनने लाचेचे आरोप अमान्य केले. आपल्याच अंमलातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका तेवढा ठेवला. क्रॉफर्डची नोकरी गेली. पण अभयाचा शब्दही पुरता पाळला गेला नाही. १८८९ च्या कायद्याने खटल्यांपासून संरक्षण मिळाले, तरी काही मामलेदार बडतर्फ झालेच. टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने लढवली.

मला या प्रकरणात निकालाहून साक्षीदारांचे जे झाले ते अधिक बोलके वाटते. आज १९८८ च्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश आहेत. लाच देणाऱ्याच्या जबानीला त्यात असलेले संरक्षण २०१८ च्या दुरुस्तीने काढले. सक्तीने लाच दिलेल्याने सात दिवसांत तक्रार केली, तरच तो सुटतो. खास न्यायालयाचा धाक निकालाने बसतो, हे खरे; पण निकाल उभा राहतो जबानीवर, आणि जबानी अभयावर. तेच डळमळीत असेल, तर पुढच्या मामलेदाराने तोंड का उघडावे?