मनसरचं मँगनीज आणि सूर्याची वीज

सौर ऊर्जेवरचं व्याख्यान मी मनसरपासून सुरू करतोय, याचं नवल वाटू देऊ नका. रामटेकला जाताना मनसर लागतं, तिथल्या मँगनीजच्या खाणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. १८९६ साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली; नागपुरातल्या आजच्या 'मॉयल'चं मूळ ते. पोलादाला मँगनीज लागतंच, आणि त्या काळी त्याचा मोठा पुरवठा रशियाच्या ताब्यातल्या कॉकेशसमधून व्हायचा. १९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्ध झालं, पाठोपाठ रशियात क्रांतीचा उठाव. तिकडचा माल अडला, भाव चढले, आणि इकडे नागपूर, भंडारा, बालाघाटच्या टेकड्या भराभर फोडल्या जाऊ लागल्या. आज आपण 'पुरवठ्याची जोखीम' म्हणतो ना, ती हीच. फक्त तेव्हा आपण फायद्याच्या बाजूला होतो.

फायद्याच्या, पण कितपत? माल रेल्वेनं बंदरावर जायचा, तिथून बोटीनं परदेशी. त्याचं फेरोमँगनीज आणि पोलाद बनायचं ते तिकडे. टेकडी आपली, मजूर आपले, भट्टी मात्र दुसऱ्याची. सरकारांनी मिळून त्या ब्रिटिश कंपनीच्या जागी आलेल्या नव्या कंपनीत ५१ टक्के वाटा घेतला तो थेट १९६२ साली.

आमच्या न्यायदर्शनात घटाला दोन कारणं सांगतात, माती आणि कुंभार. (तीन सांगतात, पण तिसऱ्यात शिरलो तर तास जाईल.) सौर पॅनेलची माती म्हणजे सिलिकॉन, आणि पृथ्वीच्या कवचात प्राणवायूखालोखाल तेच आहे. मग टंचाई कसली? कुंभाराची. गारगोटी भट्टीत वितळवून, पुढे रासायनिक क्रियेनं अतिशुद्ध करायला प्रचंड वीज आणि भांडवल लागतं. पॉलिसिलिकॉनपासून तयार पॅनेलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२२ साली नोंदवलं. २०२३ च्या ऑगस्टपासून चीननं गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. पॅनेलवरच्या त्या बारीक रेघा पाहिल्यात? त्या चांदीच्या असतात. भारतानं २०२३ साली ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. तीत सिलिकॉन आहे, टेल्युरियम आहे, चांदी नाही. मँगनीजही नाही! दिवसाची वीज रात्रीसाठी साठवणाऱ्या कित्येक बॅटऱ्यांत मँगनीज लागतं, आणि भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड तर सुक्या बॅटरीसाठी कधीपासून वापरात आहे.

म्हणून नुसती खनिजांची यादी पाहून माझं समाधान होत नाही. तिच्या शेजारी भट्ट्यांची यादी ठेवा, आणि त्या कुणाच्या देशात आहेत तेही लिहा. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, विचारायला लांब जावं लागणार नाही.